‘पंप बंद आहे’ म्हणजे नक्की काय?

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. विषय रुक्ष वाटेल, पण नळ सगळ्यांच्याच घरी आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

‘मुख्य पंपाच्या दुरुस्तीमुळे उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे.’ पालिकेची ही प्रेसनोट वर्षातून चार-पाच वेळा तरी येतेच. तिची एक कॉलमी बातमी होते, लोक पिंपं भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही की फोन सुरू होतात. पाणी कधी जाणार आणि कधी येणार, एवढं त्या बातमीत असतं. पंप उघडायला कोण गेलं, किती खोल उतरलं आणि तो माणूस खाली असताना वर स्टार्टरपाशी कोण उभं होतं, हे कुठेच नसतं.

या उन्हाळ्याआधी आपल्या जॅकवेलवरच्या दोन्ही पंपांची मोठी दुरुस्ती व्हायची आहे. काम ठेकेदाराकडे जाणार. म्हणजे खाली उतरणारी पोरं रोजंदारीवरची असणार, आणि उद्या काही झालंच तर ती पालिकेची नसणार, ठेकेदाराचीही कागदावर असतील-नसतील. म्हणून हा इतिहास आत्ता सांगतोय.

आधी पंपाचं थोडं. आपण पाहतो तो सेंट्रिफ्युगल पंप. आत पात्यांचं एक चाक, म्हणजे इंपेलर, गरगर फिरतं आणि पाणी बाहेरच्या बाजूला फेकतं. कल्पना जुनी, पण ती जगाच्या डोळ्यांत भरली १८५१ मध्ये. लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड यांनी वाकड्या पात्यांचा पंप मांडला. सरळ पात्यांच्या पंपापेक्षा तो कितीतरी जास्त पाणी काढतो, हे लोकांनी समोर पाहिलं. इंग्लंडमधल्या दलदली उपसायला लगेच त्याचा वापर सुरू झाला.

आपल्याकडे पंप म्हटलं की किर्लोस्करवाडी. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. आधी नांगर, कडबा कापायची यंत्रं आणि १९२० च्या दशकात पंप. पुढे हा पंप विहिरीवर आला, उसाच्या फडात आला, गावच्या पाणी योजनेत आला.

त्याच्या आधी विहिरीवर मोट होती. संध्याकाळी बैल सोडले की मोट थांबली, ती आपोआप चालू व्हायची नाही. मोट दुरुस्त करणाऱ्याला ‘बैल कुणी जुंपेल का’ ही भीती नव्हती, कारण बैल समोर कडबा खात उभे दिसायचे. पंपाचे बैल दिसत नाहीत. ते तारेत असतात, पाइपात असतात, कधी विहिरीच्या तळाशी साचलेल्या हवेत असतात. गडबड इथेच आहे. पंप गावोगाव पोचला, तो उघडून बसवणारा फिटरही तयार झाला. उस्तादाच्या हाताखाली तो ग्लँडची दोरी भरायला शिकला, बेअरिंग काढायला शिकला, मोटार रिवाइंड करायला शिकला. पण कारखान्यात या कामाभोवती जे नियम होते, ते त्याच्यासोबत गावात आले नाहीत.

आणि ते नियम काही फुकट मिळालेले नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत पट्ट्यात, दातेरी चाकात हात जाणं ही रोजची गोष्ट असल्याच्या काळात, १८८१ मध्ये, हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा आला. यंत्राला कुंपण घाला, असं त्यात होतं. पण तो शंभर आणि त्यापेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुटी त्यांनी मिळवून दिली हे आपल्याला पाठ आहे. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, ती आपण विसरतो : कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई द्या. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. एकोणचाळीस वर्षं!

मग १९४८ चा कारखाने कायदा आला. त्यातली एक व्याख्या वाचून मी चाट पडलो होतो. ‘उत्पादन प्रक्रिया’ म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्याने तेल, पाणी आणि सांडपाणी पंपाने उपसणं हेही त्यात घातलं होतं. म्हणजे त्या कायद्यानुसार पंपहाउस हाही कारखानाच होता, फक्त तिथे विजेवरच्या कामाला किमान दहा माणसं हवी होती. आपल्या पंपहाउसवर पाळीला एक ऑपरेटर आणि एक हेल्पर. आला का घोळ लक्षात? नियम कारखान्याच्या दारापर्यंत येतो आणि आपला पंपवाला दाराबाहेर राहतो. २०२० मध्ये संसदेने सुरक्षेचे जुने कायदे एका संहितेत गोळा केले, पण लहान जागेवर एकट्याने काम करणाऱ्या माणसाचा प्रश्न कागद बदलून सुटत नाही.

त्या १९४८ च्या कायद्यातली दोन कलमं मात्र प्रत्येक पंपहाउसच्या भिंतीवर रंगवावीत अशी आहेत. कलम ३६ : टाकी, खड्डा, पाइप अशा कोंदट जागेत विषारी वायू असण्याची शक्यता असेल, तर जाणकार माणसाने तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. नाहीतर श्वासाचं साधन लावून, कमरेला पट्टा बांधून जायचं, आणि पट्ट्याचा दोर बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवा. कलम ३६ अ : अशा जागेत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, सुरक्षेची पुरेशी साधनं असतील तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे ओल्या खड्ड्यात २३० व्होल्टचा होल्डर वायरला लटकवून सोडतात.

आता परदेशातल्या दोन घटना सांगतो. दोन्ही अपघात बंद पंपापासून सुरू झाले, म्हणून त्या आपल्या कामाच्या.

पहिली, ॲबीस्टेड. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात ल्यून नदीचं पाणी पंपाने उचलून, बोगद्यातून वायर नदीत सोडायची योजना होती. बोगद्याच्या शेवटी, टेकडीच्या पोटात, ॲबीस्टेड इथे व्हॉल्व्हचं घर होतं. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातल्या लोकांना शंका होती की या पाण्यामुळे आपल्याकडे पूर येतो. ही शंका दूर करायला पाणी खात्याने गावकऱ्यांनाच बोलावलं, या आणि डोळ्यांनी बघा. २३ मे १९८४ ची संध्याकाळ. गावकरी आणि खात्याची माणसं मिळून ४४ जण त्या व्हॉल्व्हघरात जमले. पाऊस कमी होता, त्यामुळे पंप त्याआधी १७ दिवस बंद होते. लोकांना पाणी दिसावं म्हणून फोन करून पंप चालू करायला सांगितले. थोड्या वेळात पाणी यायच्या ऐवजी स्फोट झाला. १६ माणसं गेली.

कारण नंतर कळलं. बोगद्याच्या आजूबाजूच्या खडकातून मिथेन वायू पाण्याबरोबर झिरपत होता. पंप बंद होते आणि एक निचऱ्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा होता, म्हणून बोगदा अर्धवट रिकामा झाला होता. त्या रिकाम्या जागेत १७ दिवस वायू साचला. पंप चालू झाला, पाणी पुढे सरकलं आणि त्याने सगळा वायू ढकलत व्हॉल्व्हघरात आणला, कारण बोगद्यातली हवा मोकळ्यावर न सोडता त्या घरातच सोडायची रचना होती. ठिणगी कशाची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. खटला अपील न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये तिथे जबाबदारी राहिली ती योजनेची रचना करणाऱ्या सल्लागार अभियंत्यांवर.

बघा, त्या संध्याकाळी कुणी बेफिकीर वागलं नव्हतं. उलट लोकांना विश्वासात घ्यायचं चाललं होतं. पंप सतरा दिवस बंद आहे, म्हणजे आत काहीतरी बदललं असेल, हा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही.

दुसरी घटना, पायपर अल्फा. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून दूर समुद्रात तेल-वायू काढायचा फलाट. ६ जुलै १९८८. तिथे दोन पंप शेजारी शेजारी होते, ‘ए’ आणि ‘बी’. ते वायूपासून निघणारा द्रव ढकलायचे. दिवसपाळीत ‘ए’ बंद केला होता. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला आणि उघड्या पाइपाच्या तोंडावर एक झाकण बसवलं. काम सहापर्यंत संपलं नाही, पाळी संपली. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘बी’ बंद पडला, काही केल्या चालू होईना. सगळा फलाट अंधारात जायची वेळ आली. रात्रपाळीने कागद काढले. ‘ए’च्या मोठ्या दुरुस्तीचा परवाना सापडला, त्यावर काम अजून सुरूच झालेलं नाही असं दिसत होतं. मग काय, लावा ‘ए’. सेफ्टी व्हॉल्व्ह काढल्याचा दुसरा परवाना वेगळ्या ठिकाणी होता, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. पंप चालू झाला, झाकणातून वायू फुटला आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. १६७ माणसं गेली, त्यात वाचवायला आलेले दोघं होते. ६१ वाचले.

आगीवर पाणी मारायचे पंप होते की! पण समुद्रात पाणबुडे काम करत असताना ते पंप अचानक चालू झाले तर पाणबुडे ओढले जातील, म्हणून त्यांचं आपोआप चालू होणं बंद ठेवलेलं होतं. हेतू जीव वाचवायचाच होता. पण स्फोटानंतर त्या पंपांपर्यंत पोचून ते हाताने चालू करणं कुणाला जमलं नाही. न्यायमूर्ती कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यात कामाचा परवाना आणि पाळी बदलताना द्यायची माहिती यांवर मोठा भर होता.

याच सुमाराला अमेरिकेतही एक नियम आला. १९८९ मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने दुरुस्तीच्या वेळी यंत्राचा वीजपुरवठा तोडून त्याला कुलूप लावणं आणि पाटी अडकवणं बंधनकारक केलं. यातली गंमत कुलपात नाही, किल्लीत आहे. जो माणूस यंत्रात हात घालणार, त्याचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. साहेबाने सांगितलं तरी, गावात पाण्याची बोंब झाली तरी, शेवटचं कुलूप निघेपर्यंत पंप चालू होऊच शकत नाही.

आता आपल्याकडे या. पंप आपोआप कसा चालू होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रात्री थ्री फेज येते, ‘ऑटो’ लावलेला असतो, लाइट आली की मोटार सुरू. आता तर मोबाइलवरून मिसकॉल दिला की मोटार चालू. घरात बसलेल्या मुलाला काय ठाऊक, बाप विहिरीत फूट व्हॉल्व्ह बघायला उतरलाय? पालिकेच्या योजनांतही टाकीची पातळी खाली गेली की पंप आपोआप सुरू होण्याची सोय असते. सोय चांगलीच आहे, पण दुरुस्तीच्या दिवशी तीच घात करते.

बरं, वीज तोडली म्हणजे झालं का? नाही. पंपापासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत पाइपात पाण्याचा उभा खांब असतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर ते पाणी उलट येतं आणि इंपेलर उलटा फिरवतं. वीज नाही, फ्यूज खिशात आहे आणि तरी कपलिंग फिरतंय! त्यात बोटं असली तर जातात. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते ती वेगळीच.

आणि सगळ्यात मोठा धोका खोल विहिरीतल्या, सांडपाण्याच्या खड्ड्यातल्या हवेचा. बरेच दिवस झाकलेल्या जागेत प्राणवायू कमी होतो, कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास येईनासा होतो. पाणी उपसायला विहिरीत डिझेल इंजिन खाली सोडलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड तळाशी कोंडतो, त्याला वासही नाही. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत प्राणवायू कमी असल्याचं सांगते, विषारी वायूचं सांगेलच असं नाही. खाली मिथेन असेल तर कंदीलच ठिणगी ठरतो.

अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की कोंदट जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात. आपल्याकडच्या बातम्या आठवा. एक भाऊ उतरला, वर आला नाही, दुसरा उतरला, मग शेजारी उतरला. आपण त्याला ‘दुर्दैवी घटना’ म्हणतो. गटारात आणि मैल्याच्या टाकीत उतरून मरणाऱ्यांच्या वारसांना ३० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. चांगलंच सांगितलं. पण गॅस मोजायचं यंत्र त्या रकमेच्या तुलनेत किरकोळ किमतीत मिळतं.

आपल्या जॅकवेलच्या दुरुस्तीत काय व्हायला हवं, ते सोप्या भाषेत लिहितो. ठेकेदाराच्या माणसांनीही वाचावं.

१. काम सुरू करण्याआधी लेखी परवाना. कुठला पंप, काय काढणार, कोण कोण उतरणार, कुणी परवानगी दिली. एका पंपाचे सगळे कागद एकाच ठिकाणी. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला पंपापाशी उभं राहून सांगायचं.

२. मेन स्विच बंद, फ्यूज बाहेर, ऑटो आणि मोबाइल स्टार्टर तोडलेला. स्विचला प्रत्येकाचं आपापलं कुलूप आणि ‘माणूस काम करतोय’ अशी पाटी. मग टेस्टरने तपासायचं आणि स्टार्टरचं बटण दाबून पंप खरंच चालू होत नाही ना, हे बघायचं.

३. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही व्हॉल्व्ह बंद, त्यांच्या चाकांना साखळी. मग पंपातलं पाणी आणि दाब सोडून द्यायचा. दाब शून्य झाल्याशिवाय बोल्ट ढिला करायचा नाही.

४. खाली उतरण्याआधी ब्लोअरने हवा, गॅस मोजणी, आणि उतरल्यावरही मोजणी चालू. अंगावर पट्टा, दोर वरच्या तिकाटण्याला. वरचा माणूस जागा सोडणार नाही, अगदी साहेबाचा फोन आला तरी. खालचा माणूस बेशुद्ध पडला तर वरच्याने उतरायचं नाही, दोराने ओढायचं.

५. चालू करण्याआधी माणसं मोजायची, हत्यारं मोजायची, कपलिंगची जाळी परत बसवायची. मोटारीची दिशा कपलिंग जोडण्याआधी तपासायची. प्रायमिंग केल्याशिवाय पंप कोरडा चालवायचा नाही आणि दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद ठेवून तर मुळीच नाही. आतलं कोंडलेलं पाणी तापत जातं आणि पंप फुटू शकतो.

यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. कुलूप आपल्या बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

जास्तीचा वेळ लागेल, हे खरं. एक दिवसाचं काम दोन दिवसांचं होईल. म्हणजे दोन दिवस पाणी नाही. इथे प्रश्न पालिकेचा नाही, आपला आहे. दुपारपर्यंत पाणी आलं नाही की आपण नगरसेवकाला फोन करतो, नगरसेवक अभियंत्याला, अभियंता ठेकेदाराला, आणि ठेकेदार वरून ओरडतो, ‘अरे, आटपा लवकर!’ ती हाक जॅकवेलच्या तळापर्यंत जाते.

मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठा विभागाला माझे चार जाहीर प्रश्न. दुरुस्तीच्या निविदेत सुरक्षा साधनांची रक्कम वेगळी धरली आहे का? गॅस मोजायचं यंत्र पालिकेकडे आहे का, असेल तर शेवटचं कधी तपासलं? खाली उतरणाऱ्यांचा विमा आणि नावांची यादी ठेकेदाराकडून आधी घेणार का? आणि कामाचा परवाना कोण सही करणार? उत्तरं आली की इथेच जशीच्या तशी टाकतो.

पंपहाउसवर काम केलेले, फिटर, वायरमन, आपल्या ओळखीत कुणी असतील तर त्यांनी कमेंटमध्ये लिहावं. माझ्या यादीत काही राहिलं असेल तर सांगावं. नाव यायला नको असेल तर इनबॉक्स करा. आणि पुढच्या वेळी ‘पाणीपुरवठा बंद’ वाचलंत तर एक पिंप जास्त भरून ठेवा, फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलात तरी चालेल.